पहिलीच क्रायसिस कमिटी? १९७१ च्या मंत्रिमंडळात बसण्याची तयारी

एमयूएन म्हणजे विद्यार्थ्यांनी भरवलेली संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची परिषद. तिच्या नेहमीच्या कमिटीत तुम्ही एखादा देश असता. क्रायसिस कमिटीत तुम्ही माणूस असता: यशवंतराव चव्हाण, जगजीवनराम, नाहीतर पलीकडच्या खोलीत पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान. ठराव लिहून मतदानाची वाट बघायची नसते. हुकूम सोडायचे असतात, आणि त्यांचे परिणाम दुपारच्या जेवणाआधी अंगावर येतात. ऐतिहासिक क्रायसिस असेल तर नवख्यांना हमखास वाटतं की ज्याचा इतिहास पाठ, तोच जिंकणार. मागच्या खोलीत, म्हणजे बॅकरूममध्ये बसून हुकमांच्या चिटांचे गठ्ठे वाचल्यावर माझं मत वेगळं झालंय. पुढे काय घडलं हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे त्याचा फायदा कुणालाच होत नाही. त्या तारखेला आपल्या खुर्चीच्या हातात नेमकं काय होतं, हे ज्याला ठाऊक असतं तो भारी पडतो.

क्यूबाचा १९६२ चा पेचप्रसंग जगभर खेळला जातो आणि तो उत्तमच आहे. पण पहिल्या खेपेला मी १९७१, म्हणजे बांगलादेश युद्धाचं वर्ष, सुचवेन. माणसं ओळखीची, भूगोल ओळखीचा, आणि घरात कुणाला तरी ब्लॅकआऊटच्या रात्री आठवत असतात.

चार शब्द आधी

समोर बसून कमिटी चालवतात ते ईबी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह बोर्ड. मागच्या खोलीत बसून तुमच्या चिटा वाचतात आणि जगात काय घडलं ते ठरवतात ती बॅकरूम. तिचा प्रमुख क्रायसिस डायरेक्टर. तुम्हाला मिळालेलं पात्र म्हणजे पोर्टफोलिओ. तुम्ही चिटेवर लिहून काढलेला हुकूम म्हणजे डायरेक्टिव्ह: सगळ्या कमिटीने मिळून काढला तर पब्लिक, तुम्ही एकट्याने गुपचूप पाठवला तर पर्सनल, दोघातिघांनी मिळून पाठवला तर जॉइंट. दोन-तीन खोल्या एकमेकींविरुद्ध खेळत असतील, म्हणजे दिल्ली, रावळपिंडी आणि ताजुद्दीन अहमद यांचं मुजीबनगर सरकार (बांगलादेशचं हंगामी सरकार), तर ती जेसीसी, म्हणजे जॉइंट क्रायसिस कमिटी. बाकीचे शब्द पहिल्या सत्रात कानावर पडून आपोआप कळतात.

फॉर्म भरताना पंतप्रधान मागू नका

नोंदणीच्या फॉर्मवर पसंतीक्रम मागतात. नवखे बेधडक लिहितात: इंदिरा गांधी, माणेकशॉ, जगजीवनराम. एकतर ही पात्रं अनुभवी डेलिगेट्सना, म्हणजे भाग घेणाऱ्यांना, जातात, आणि चुकून मिळालीच तर सकाळपासून सगळी कमिटी तुमच्याकडे बघत बसते. तुमचा पहिला दिवस इतरांना उत्तरं देण्यात जातो.

दुसऱ्या फळीतलं खातं मागा. उदाहरणार्थ करणसिंह. पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक मंत्री म्हटलं की शेजारचे हसतात. आता हे बघा: ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ नावाचं फोकर विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून उडायला बंदी केली. म्हणजे कराचीहून ढाक्याला जाणारं प्रत्येक विमान पार दक्षिणेला वळसा घालून, सिलोनमध्ये इंधन भरून जायला लागलं. पूर्वेकडचं अख्खं पाकिस्तानी सैन्य या लांबलचक दोरीला टांगलेलं. विमान वाहतूक मंत्र्याने कोलंबोशी बोलणी, इंधन, विमा, विमानतळ यांवर तीन सत्रं खेळली तर संरक्षणमंत्र्याला त्याच्याकडे यावं लागतं.

चव्हाणांची खुर्चीही अशीच फसवी आहे. पद अर्थमंत्र्याचं, पण १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण खातं याच माणसाने हातात घेतलं होतं आणि १९६५ चं युद्ध त्यांच्याच काळात झालं. त्यामुळे कमिटीत लष्करी चर्चा निघाली आणि कुणी म्हणालं की अर्थमंत्र्यांनी यात पडू नये, तर तुमच्याकडे उत्तर आहे. पोर्टफोलिओ मिळाला की पदासोबत त्या माणसाचं आधीचं चरित्र वाचा ते याचसाठी. आधी कोणतं खातं होतं, मतदारसंघ कुठला, पक्षात कोण आपलं, कोणाशी वाकडं. यातून हाती येणाऱ्या ताकदीला एमयूएनवाल्यांत पोर्टफोलिओ पॉवर्स म्हणतात. परिषदेआधी मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे बॅकग्राउंड गाइडमध्ये, त्या दोन ओळीत उरकलेल्या असतात. खऱ्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

फ्रीझ डेट: घड्याळ इथे थांबलंय

गाइडमध्ये एक तारीख दिलेली असते. तिथपर्यंतचा इतिहास खरा, पुढचा तुमच्या हातात. समजा ती १ सप्टेंबर १९७१ आहे. एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्या दिवशी माहीत असलेलं लिहा, उजवीकडे अजून न घडलेलं.

डावीकडे येईल: २५ मार्चच्या रात्री ढाक्यात सुरू झालेलं दमन, लाखोंच्या संख्येने येत असलेले निर्वासित (अखेरीस ते जवळपास एक कोटी झाले), अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांची जुलैमधली गुप्त पेकिंगवारी (आजचं बीजिंग), ९ ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार, आणि पश्चिम पाकिस्तानात तुरुंगात असलेले, गुप्त खटल्याला सामोरे जाणारे पूर्व पाकिस्तानचे नेते शेख मुजीब. उजवीकडे: पंतप्रधानांचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा युरोप-अमेरिका दौरा, ३ डिसेंबरच्या संध्याकाळचे पाकिस्तानी हवाई हल्ले, ६ डिसेंबरला बांगलादेशला दिलेली मान्यता, बंगालच्या उपसागराकडे निघालेली अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका, १६ डिसेंबरला ढाक्यात रमना मैदानावर पाकिस्तानी सेनापती नियाझी यांनी जनरल अरोरा यांच्यापुढे केलेली शरणागतीची सही.

उजव्या रकान्यातलं काहीही तोंडातून काढायचं नाही. ‘ते तीन डिसेंबरला हल्ला करणारच आहेत’ असं सप्टेंबरमध्ये म्हणणारा डेलिगेट दर परिषदेत भेटतो. ईबी हसून सोडून देते, पण वहीत नोंद होते. शिवाय तुम्ही काही उलथापालथ केली की तो रकाना खोटाच ठरतो. तुमच्या कमिटीत हल्ला ऑक्टोबरमध्ये होईल, किंवा होणारच नाही.

डाव्या रकान्यातल्या कागदांची मात्र कलमं वाचा. सोव्हिएत कराराचं उदाहरण घ्या. नवखे धरून चालतात की करार झाला म्हणजे रशियन फौज आली. कराराच्या नवव्या कलमात हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका उभा राहिला तर दोघांनी लगेच विचारविनिमय करावा आणि योग्य पावलं उचलावीत, असं आहे. फौज पाठवण्याचं वचन त्यात नाही. पाकिस्तानच्या खोलीत एखादा वाचणारा डेलिगेट असेल तर तो तुम्हाला इथेच पकडेल.

आणि ऋतू विसरू नका. फ्रीझ डेट एप्रिल-मेची असली की पहिल्या वीस मिनिटांत कुणीतरी फौज सीमेपार धाडतो. माणेकशॉ यांनी नंतर सांगितलेली कारणं प्रसिद्ध आहेत: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या फुगतात, हिमालयातल्या खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होईपर्यंत चीनची धास्ती, आणि सैन्य हलवायचं तर रेल्वे आणि रस्ते लागणार, नेमके सुगीच्या दिवसांत. त्या बैठकीचं त्यांनी केलेलं वर्णन जसंच्या तसं धरावं का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. कारणं मात्र खणखणीत आहेत, आणि बॅकरूमकडेही तीच यादी असते. ऐन पावसाळ्यात रणगाडे पाठवलेत तर ते चिखलात रुततील, एवढी गंमत बॅकरूम नक्की करते.

डायरेक्टिव्ह लिहिणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बॅकरूममधला माणूस तुमची चिट जेमतेम मिनिटभर बघतो. त्याच्यासमोर ढीग असतो. वाचताना तो स्वतःला विचारतो: कोण करणार? कशाने? कुठे, कधी? पैसा कुठून? कुणाच्या सहीने? बातमी फुटली तर? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील तर तो एकतर चिट परत पाठवतो, नाहीतर रिकाम्या जागा स्वतः भरतो, आणि तो तुमच्या बाजूने भरेल याची खात्री नाही.

आता ही चिट बघा. अशा रोज येतात:

‘अर्थमंत्री या नात्याने मी निर्वासितांसाठी मोठा निधी उभारत आहे व मुक्तिवाहिनीला (बांगलादेशसाठी लढणाऱ्या बंगाली सैन्याला) शस्त्रं देत आहे.’

यात हेतू आहे, कृती नाही. आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्यामुळे दोन्ही वाया जातात. हीच चिट अशी हवी:

वैयक्तिक डायरेक्टिव्ह
प्रेषक: अर्थमंत्री. दिनांक: १ सप्टेंबर १९७१
उद्देश: निर्वासित छावण्यांसाठी वेगळा, मोजता येईल असा पैसा उभा करणे.
१. टपालावर ५ पैशांचा जादा आकार. संसदेचं अधिवेशन चालू नसल्यास अध्यादेश. मसुदा कायदा मंत्रालयाकडून.
२. अंमल १५ नोव्हेंबरपासून. नवं तिकीट नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापून घ्यावं. ते हाती येईपर्यंत चालू ५ पैशांच्या तिकिटांवर ‘निर्वासित साहाय्य’ असा ठसा मारून तीच विकावीत.
३. दळणवळण मंत्र्यांची संमती सोबत जोडली आहे.
४. जमा रकमेचा आकडा दर पंधरवड्याला परराष्ट्रमंत्र्यांकडे. परदेशी राजदूतांपुढे ठेवण्यासाठी.
५. लोकांत नाराजी दिसली तर पोस्टकार्ड वगळायची तयारी आहे.

यातला ५ पैशांचा, ठशाचा आणि तारखेचा भाग खराखुरा आहे. कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावर ‘रिफ्यूजी रिलीफ’ असा ठसा मारलेली ती तिकिटं आजही जुन्या पत्रांवर सापडतात. आजोबांच्या ट्रंकेत बघा. बाकी जुळवाजुळव माझी. चौथ्या कलमाकडे लक्ष द्या. पैसा उभारणं हे अर्थमंत्र्याचं काम. पण तो आकडा परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्या हातात दिल्यावर शेजारचा डेलिगेट तुमचा मित्र झाला आणि एक कंटाळवाणा कर आंतरराष्ट्रीय दबावाचं साधन झाला. पाचव्या कलमामुळे बॅकरूमला कळतं की तुम्ही एक पाऊल पुढचा विचार केलाय.

लष्करी डायरेक्टिव्हचं सर्वात चांगलं उदाहरण खुद्द त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये आहे: ऑपरेशन जॅकपॉट. भागीरथीकाठी, प्लासीजवळ बंगाली तरुणांना पोहण्याचं आणि जहाजाच्या बुडाला लिंपेट सुरुंग चिकटवण्याचं शिक्षण दिलं गेलं. तुकड्या वेगवेगळ्या बंदरांकडे निघाल्या. त्यांच्याकडे हल्ल्याचा हुकूम पोचवायचा कसा? आकाशवाणी कलकत्त्यावरून ठरलेली दोन बंगाली गाणी लावायची: पहिलं म्हणजे तयार राहा, दुसरं म्हणजे हल्ला करा. १५-१६ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी स्फोट झाले. माणसं, शिक्षण, साधन, संकेत, वेळ, चार ठिकाणं, आणि पकडलं गेलं तरी दिल्लीकडे थेट बोट दाखवणं अवघड. तुमची चिट लिहून झाली की या यादीशी ताडून बघा. ‘संकेत’ हा रकाना नव्वद टक्के चिटांत रिकामा असतो, असं माझं आपलं निरीक्षण. मोबाइल नाही, ईमेल नाही. ट्रंक कॉल लावला तर टेलिफोन एक्स्चेंजमधला माणूस ऐकणार. मग निरोप जाणार कसा, ते लिहा.

लांबी किती? पान भरण्याची गरज नाही. आकडे घालून सात-आठ ओळी पुरतात. एका चिटेत एकच काम.

गुपचूप चाललेलं काम

समोर भाषणं चालू असताना मागून तुम्ही स्वतःची एक साखळी विणत असता. तिला आर्क म्हणतात. पहिल्या चिटेत माणसं जमवा, दुसरीत पैसा, तिसरीत आडोसा, चौथीत वार. पहिल्याच चिटेत वार केला तर तो फसतो.

आडोसा कसा असावा याचा नमुना पूर्व नौदल कमांडचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ठेवलाय. विक्रांत ही विमानवाहू नौका अंदमानकडे सुरक्षित होती. ती विशाखापट्टणमलाच आहे असं भासवायचं होतं. मग विशाखापट्टणममध्ये ताफ्याला पुरेल इतका शिधा, मांस, भाजीपाला मागवला गेला. राजपूत ही विनाशिका विक्रांत असल्याचं सोंग घेऊन समुद्रात गेली आणि बिनतारी संदेशांची गर्दी केली. त्यात एक संदेश मुद्दाम उघड्या भाषेत: विक्रांतवरच्या एका खलाशाची आई फार आजारी आहे, तिची विचारपूस. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळच येऊन ३-४ डिसेंबरच्या रात्री बुडाली. कशी बुडाली यावर दोन्ही देशांची सांगणी वेगळी आहेत, पण खोट्या बातमीत भाजीची ऑर्डर आणि आजारी आई घालायची कल्पकता शिकण्यासारखी आहे. ‘मी अफवा पसरवतो’ असं लिहिणाऱ्याने एवढं वाचावंच.

उलट बाजूही सांभाळा. तुमच्या नावाने कुणी दुसराच चिट पाठवू शकतो. हे खोटं वाटत असेल तर २४ मे १९७१ चं नगरवाला प्रकरण वाचा: दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत पंतप्रधानांच्या नावाने फोन आला, बांगलादेशच्या कामासाठी म्हणून, आणि मुख्य रोखपालाने साठ लाख रुपये बाहेर नेऊन दिले. त्यामुळे पहिल्याच चिटेत बॅकरूमला एक सांकेतिक शब्द कळवा आणि पुढच्या प्रत्येक चिटेत तो घाला. शब्द शेजाऱ्याला दिसणार नाही अशा बेताने लिहा. नवखे तो वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहून वही उघडी टाकून चहाला जातात.

अपडेट आला की

सत्राच्या मधोमध बॅकरूममधून कुणीतरी येतं आणि बातमी वाचून दाखवतं. खरे अपडेट असेच आले होते: ३ डिसेंबरला विमानतळांवर बॉम्ब पडले तेव्हा पंतप्रधान दिल्लीत नव्हत्या, कलकत्त्यात होत्या. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार कितीदा वापरला जाईल याची शाश्वती नाही, आणि अमेरिकन आरमार निघालंय. म्हणजे ढाका पडायला उरलेले दिवस मोजायचे.

अपडेट ऐकताना तोंड बंद आणि पेन चालू. तीन गोष्टी टिपा: नवीन काय घडलं, वेळ किती उरला, यात माझ्या खात्याचं काय. मग हात वर करा आणि मॉडरेटेड कॉकस (ठरलेल्या विषयावर, एकेकाने ठराविक वेळ बोलायची चर्चा) मागा, पण विषय अरुंद ठेवा. ‘परिस्थितीवर चर्चा’ असा विषय मागितला की वीस जण वीस दिशांना बोलतात. ‘ठराव लागू होण्याआधी ढाक्याकडची आगेकूच’ असा मागा. बोलायला साठ सेकंद मिळतील; पहिल्या वाक्यात मागणी, मग कारण. ‘माननीय अध्यक्ष आणि उपस्थित मान्यवर’ यात दहा सेकंद घालवू नका.

समोर अजिबात न बोलता फक्त चिटा पाठवणारे असतात, आणि फक्त बोलणारेही. दोघांनाही बक्षीस मिळत नाही. गुपचूप काम उघड झालं की त्याला समोर पाठिंबा देणारी चार माणसं लागतात, आणि ती चहाच्या सुट्टीतच मिळतात.

थोडं उरलेलं

भाषा. बहुतेक परिषदा इंग्रजीत चालतात आणि मराठी माध्यमातली मुलं याच भीतीने नाव देत नाहीत. खरं तर क्रायसिस त्यांना सोयीची आहे. चिट लिहायला छोटी, सरळ वाक्यं लागतात. अलंकार कुणी मोजत नाही. मुद्दे मराठीत मांडा, मग एकेक ओळ इंग्रजीत उतरवा. कुठे चिट कागदावर चालते, कुठे गूगल डॉकवर; आदल्या दिवशी विचारून घ्या आणि कागदाची असेल तर स्वतःचं पॅड न्या. कपडे फॉर्मल, नवीन बूट घालून पहिल्या दिवशी जाऊ नका.

१९७१ खेळताना एक पथ्य. त्या वर्षी माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले, छावण्यांत कॉलऱ्याने लोक गेले. याह्याखान किंवा त्यांचे जनरल टिक्काखान तुमच्या वाट्याला आले तर त्यांची भूमिका मांडा, त्यांची बाजू राजकारणाने लढवा; नागरिकांच्या कत्तलीचे हुकूम चवीने लिहू नका. चांगली ईबी असली चिट फाडून टाकते, आणि पाठवणाऱ्याचं नाव लक्षात ठेवते.

शेवटचं: तुमचं पात्र मेलं, अटक झालं किंवा मंत्रिमंडळातून काढलं गेलं तर घाबरू नका. बॅकरूम सहसा दुसरं पात्र देते, उपमंत्री, सचिव, कधी मुक्तिवाहिनीचा सेक्टर कमांडर. नवा पोर्टफोलिओ हातात येताच विचारा की जुन्या माणसाची माणसं आणि पैसा आता कुणाकडे गेला. उत्तर बहुधा लेखी मागावं लागतं.